मेलेल्या माणसाचे दोन हप्ते

अण्णा, म्हणजे माझे वडील, जुलैत गेले आणि ऑक्टोबरात त्यांच्या खात्यावर दोन हजार रुपये जमा झाले.

तारीख पक्की लक्षात आहे, १७ ऑक्टोबर २०२२. सोयाबीन काढून गंजी लावलेली, वर ताडपत्री, परतीचा पाऊस आज येतो की उद्या अशी धाकधूक. अण्णांचा बटणांचा फोन आई रोज चार्ज करून कोनाड्यात ठेवायची. कशासाठी ते तिला विचारायची आमची कुणाची हिंमत नव्हती. त्या फोनवर मेसेज वाजला. मी वाचून दाखवला. पीएम किसानचा बारावा हप्ता.

"कुणाच्या नावानं आले?" आईनं विचारलं.

"अण्णांच्या."

ती काही बोलली नाही. गंजीवरची ताडपत्री नीट करायला निघून गेली.

आमची जमीन परभणी जिल्ह्यात, दुधना नदीपासून फार लांब नाही. साडेतीन एकर, म्हणजे सातबाराच्या भाषेत १ हेक्टर ४२ आर. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी राहिलं तर थोडा गहू. मी चाकणला एका कंपनीत कामाला, दोघी बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. शेत अण्णांचं आणि आईचं. पण 'आईचं' हे आम्ही बोलताना म्हणायचो, कागदावर ते फक्त अण्णांचं होतं. हा फरक किती महागात पडतो हे पुढच्या तीन वर्षांत कळलं, म्हणून हे लिहितोय.

योजना सगळ्यांना माहीत आहे. केंद्राकडून शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पाच एकरांपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होती, त्याच वर्षी जूनपासून जमीनधारक सगळ्यांनाच लागू झाली. अण्णा अगदी पहिल्या यादीतले. पहिले दोन हजार आले तेव्हा त्यांनी पासबुक छापून आणलं होतं आणि आल्या-गेल्याला दाखवलं होतं. दोन हजारांत काय होतं असं शहरातले मित्र विचारतात. डीएपी खताची गोणी १,३५० ला, युरियाच्या दोन गोण्या ५३३ ला. उरलेल्या ११७ रुपयांत तालुक्याहून गावापर्यंत ऑटोचं भाडं. एका एकराचा पेरणीचा डोस घरात येतो. थट्टा करण्याइतकी ती रक्कम छोटी नाही, आणि तिच्यावर कुणाचं घर उभं राहील इतकी मोठीही नाही.

चुलत्यांचं मत स्पष्ट होतं. "येतेत तोवर येऊ दे. सरकार काय तुझ्या दारात बघायला येतंय का, अण्णा हाय का गेला म्हणून?" गावात अशी दोन-तीन घरं तरी होती जिथं मेलेली माणसं अजून हप्ता घेत होती. कुणी ते लपवतही नव्हतं. मला मनातून बरं वाटत नव्हतं, पण मीही लगेच काही केलं नाही. खोटं कशाला सांगू. नोकरीची सुट्टी, दहाव्या-तेराव्यात झालेला खर्च, सोयाबीनचा पडलेला भाव, यात ते मागं पडलं. २७ फेब्रुवारी २०२३ ला तेरावा हप्ताही अण्णांच्याच खात्यावर आला. तेव्हा मात्र आई म्हणाली, "आता बस. त्यांच्या नावानं पैसे आले की मला दिवसभर कसंतरी होतं. बंद कर आन् माझ्या नावानं होतं का बघ."

वारसाचा अर्ज आम्ही ऑगस्टमध्येच दिला होता. नियम म्हणतो की खातेदार गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं. तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, धरतो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, ज्यांना गाव 'सर्कल' म्हणतं, ते फेरफार प्रमाणित करतात. कागदावर दीड-दोन महिन्यांचं काम. आमच्या सज्जाच्या तलाठ्याकडे आणखी दोन सज्जांचा भार होता. आठवड्यातून एक दिवस ते आमच्या गावी, आणि त्या दिवशी मी चाकणला. मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं निघालं, त्यात महिना गेला.

बहिणींची नावं लावू नका, हक्कसोड करून घ्या, असंही गावातल्या शहाण्यांनी सुचवलं. आईनं ऐकून घेतलं नाही. "बापाचंच हाय ना? राहू दे की नावं." विषय संपला.

एप्रिल २०२३ मध्ये फेरफार मंजूर झाला. नवा सातबारा हातात आला तेव्हा अण्णांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली चार नावं होती, पहिलं आईचं. चाळीस वर्षं तिनं त्या रानात कापूस वेचला, निंदण-खुरपण केलं, विहिरीत उतरून गाळ काढला, आणि त्या उताऱ्यावर तिचं नाव पहिल्यांदा आलं ते नवऱ्याच्या नावाला कंस पडल्यावर. मी तिला तो कागद वाचून दाखवला. तिनं स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे 'बाई' कुठं गेलं माझं?"

आधार कार्डावर तिच्या नावापुढे 'बाई' आहे. सातबारावर नव्हतं. मी हसलो. हसायला नको होतं.

आधी अण्णांचे चार हजार परत करायचे होते. बँकेत नामनिर्देशन आईचं होतं, हे अण्णांचं शहाणपण. त्यामुळे वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टात जावं लागलं नाही. दाव्याचा फॉर्म, दोन साक्षीदार, मृत्यूचा दाखला, आणि खात्यातली रक्कम आईला मिळाली. पैसे परत करायची सोय योजनेच्या संकेतस्थळावर आहे, ऑनलाइन परतावा म्हणून. नोंदणी क्रमांक टाकला की किती हप्ते परत करायचे ते निवडता येतं. मी दोन निवडले, पैसे भरले, पावती छापून घेतली. तालुक्याच्या कार्यालयात ती पावती आणि मृत्यूचा दाखला दिला, अण्णांच्या नावापुढे 'मयत' लावा म्हणालो. टेबलामागच्या माणसानं पावतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नोटीस आली होती का?"

"नाही."

"मग कशाला भरले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चुलते अजून म्हणतात, तालुक्यात स्वतः होऊन चार हजार भरणारा तू एकटाच निघालास. पुढं कधी उपयोगी पडेल म्हणून ती पावती मी जपून ठेवली. आजवर ती कुणी मागितलेली नाही.

मे २०२३ मध्ये सेवा केंद्रात आईची नवीन नोंदणी केली. या योजनेत एक अट आहे जी फारशी कुणी समजावून सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच लाभ. त्यानंतर जमीन विकत घेतली, वाटणी करून नावावर केली, बक्षीसपत्र केलं, तर नाही. अपवाद एकच, मालक मेला आणि वारसानं नाव लागलं तर. लोकांनी हप्त्यासाठी एका घराची चार घरं करू नयेत म्हणून ही अट, आणि ती ठीकच आहे. पण याचा अर्थ असा, की नोंदणी करताना जमीन 'वारसानं' आली हे निवडलं नाही तर अर्ज जन्मतःच मेला.

केंद्रातला मुलगा वीस-बावीस वर्षांचा. समोर तीस माणसं, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाचं रेशन कार्ड, दोन पोरींचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. त्यानं भराभर सगळं भरलं आणि जमीन कशी मिळाली या रकान्यात भलतंच निवडलं. मी शेजारी उभा होतो. मला दिसत होतं. मला त्याचं महत्त्व माहीत नव्हतं.

पुढचे सात महिने अर्जाची स्थिती एकच, 'तालुका स्तरावर प्रलंबित'. त्या वर्षी राज्यात या योजनेचं काम महसूल खात्याकडून कृषी खात्याकडे जात होतं. काम कुणाचं यावरून दोन खात्यांची आधीपासून कुरबूर होतीच. तिचा अर्थ आमच्यासाठी असा झाला की एका इमारतीत गेलं की दुसरीत पाठवत आणि दुसरीत गेलं की पहिलीत. दोन्हींच्या मध्ये एक चहाची टपरी. ऑगस्टपर्यंत टपरीवाला मला पाहून विचारायला लागला, "आज कुठून कुठं?"

याच काळात एकदा एका बाईंनी, त्या खरंच मदत करू पाहत होत्या, माझी अडचण वेगळ्याच ठिकाणी काढली. "तुम्ही नोकरी करता?"

"हो."

"आयकर भरता?"

"भरतो."

"सातबारावर तुमचंही नाव आहे. मग आईला कसं मिळेल?"

आयकर भरणाऱ्याला लाभ नाही हे बरोबर आहे. सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आमदार-खासदार, यांनाही नाही. त्यात चतुर्थ श्रेणीतल्यांना सूट आहे. पण योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. मी छत्तीस वर्षांचा. मी आईच्या कुटुंबात बसत नाही. हे वाक्य मी त्या टेबलासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो तेव्हा आई शेजारच्या बाकड्यावर बसलेली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय म्हणलास रे तू, तू माझ्या घरचा नाहीस?" मी व्याख्या समजावली. तिला समजली, पटली नाही. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर होत्या.

डिसेंबरात अर्ज नामंजूर झाला. कारण, जमीन १-२-२०१९ नंतर नावावर आली.

जानेवारी २०२४ मध्ये नवा अर्ज. या वेळी रकाना मी स्वतः वाचून निवडला. सोबत जुना सातबारा, नवा सातबारा, आठ-अचा उतारा, फेरफार, अण्णांचा मृत्यूचा दाखला, आईचं आधार, अण्णांचंही आधार. शिधापत्रिकाही जोडली, कुणी मागायच्या आत. सातबारावरच्या नावात 'बाई' घालण्याची दुरुस्ती वेगळी, तिच्यासाठी पुन्हा तलाठी, पुन्हा सर्कल. नाव तेच, माणूस तीच, गट नंबर तोच, पण संगणकाला दोन बायका दिसतात.

आणि मग २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. पंतप्रधान यवतमाळला आले होते. त्या दिवशी सोळावा हप्ता सुटला, शिवाय राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे दुसरा आणि तिसरा असे दोन हप्ते एकदम. राज्याची ती योजना केंद्राच्या यादीवरच चालते. पीएम किसानमध्ये नाव असेल तर राज्याचेही वर्षाला सहा हजार, नसेल तर तेही नाही. म्हणजे त्या एका दिवशी गावात पात्र घरांत सहा-सहा हजार आले. मी सुट्टीवर होतो. पारावर बसलेल्यांचे फोन वाजत होते. आई मोलानं गेलेल्या बायकांबरोबर हरभरा काढायला गेली होती, दुसऱ्याच्या रानात. आल्यावर तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रात्री शेजारीण येऊन सांगून गेली.

जुलैमध्ये आईचा अर्ज तालुका, जिल्हा, राज्य अशा तिन्ही पायऱ्या चढून मंजूर झाला. मला वाटलं झालं. संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक टाकला तर तीन ओळींपुढे तीनदा 'नाही' लिहिलेलं. ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, नाही. जमिनीची जोडणी नाही. बँक खात्याशी आधारची जोडणी नाही.

जमिनीचं काम कृषी सहायकानं केलं, मुलगा चांगला होता, फोनवर झालं. बाकीची दोन मात्र आठवतात.

ई-केवायसी ओटीपीनं होते. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. आईच्या आधारशी जोडलेला नंबर अण्णांचा. कोनाड्यातला तो फोन ती अजून चार्ज करत होती, पण रिचार्ज कुणी मारला नव्हता आणि नंबर केव्हाच बंद झाला होता. आधार केंद्रावर नंबर बदलायला तेव्हा पन्नास रुपये आणि एक पूर्ण दिवस लागायचा. दुसरा मार्ग अंगठ्याचा. सेवा केंद्रात आईनं दहाही बोटं लावून पाहिली. मशीन लाल ते लालच. केंद्रातल्या मुलानं तिची बोटं ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्यानं, मग कपाळाला घासून लावायला सांगितली. काही नाही. कापसाच्या बोंडांनी आणि विळ्यानं बोटांवरच्या रेघाच पुसल्यात. रेशन दुकानातही तिला हाच त्रास. शेती केल्याचा एवढा उघड पुरावा दुसरा कुठला असेल, पण तो मशीनला चालत नाही.

शेवटी चेहऱ्यानं. २०२३ च्या जूनपासून योजनेच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली आहे. घरी ओसरीत आईला भिंतीला टेकवून बसवलं, फोन समोर धरला. गोल आला की त्यात चेहरा बसवायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची.

"पदर खाली घे."

"सगळ्यांच्या समोर?"

"इथं कोण आहे? मीच आहे."

"फोनात बघतेत की ते."

ते म्हणजे सरकार. तिनं पदर घेतला तो अर्धा. डोळे मिटले ते मिटूनच ठेवले, देवाला नमस्कार करताना मिटतात तसे. मी म्हणालो उघड, तर मोठे करून बघत राहिली. सातव्या की आठव्या वेळी कौलांतून उजेड नीट पडला आणि हिरवी खूण आली. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "आता तरी म्हणतेत का मी शेतकरीण?"

५ ऑक्टोबर २०२४. या वेळी पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीला. अठरावा हप्ता, देशभरात नऊ कोटींहून जास्त खात्यांवर, आणि त्याच दिवशी नमोचा पाचवा. आईच्या नव्या खात्यावर, जे मी मुद्दाम उघडून घेतलं होतं, काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. संकेतस्थळ म्हणत होतं, पैसे जमा झाले.

इथं ज्याला कुणाला ही पाळी येईल त्याच्यासाठी सांगतो, कारण मला हे कळायला पंधरा दिवस लागले. हे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातीलच असं नाही. ते आधारवर जातात. आणि आधारला कुठली बँक जोडलेली आहे, हे आपल्याला वाटतं त्यावर नाही, तर शेवटी कुठल्या बँकेनं जोडणी केली त्यावर ठरतं. आधारच्या संकेतस्थळावर शिरलं की बँक जोडणीची स्थिती दिसते, बँकेचं नावही दिसतं. आईच्या नावापुढे भलत्याच बँकेचं नाव होतं. आधी ओळखच लागेना. मग आईला आठवलं, जनधनच्या वेळी बचत गटाच्या सगळ्या बायकांना एका टेम्पोत घालून शेजारच्या गावी नेलं होतं, अंगठे घेतले होते आणि एक कार्ड दिलं होतं. कार्ड कुठं आहे? धान्याच्या कोठीखाली, गोधडीच्या घडीत, पाकीट न फोडता.

ते खाते व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालेलं. पुन्हा फोटो, पुन्हा कागद. पण चार हजार रुपये तिथं होते. आईनं ते काढले, मोजले, पुन्हा मोजले आणि त्यातले दीड हजार त्याच दिवशी हरभऱ्याच्या बियाण्याला गेले.

मधल्या चार हप्त्यांचं काय, असं मी विचारून पाहिलं, चौदावा ते सतरावा. आठ हजार केंद्राचे आणि नमोचे आठ. साहेबांच्या मते मंजुरीच्या आधीचं मिळत नाही. मी भांडलो नाही. भांडायला लागणारे दिवस माझ्या पगारातून जातात.

२०२५ च्या सुरुवातीला गावात फार्मर आयडीचं शिबिर झालं. अकरा आकडी नंबर. तो एप्रिलपासून शेतीच्या योजनांना सक्तीचा झाला. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं एकाच टेबलाला बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. आईचा नंबर चार दिवसांत आला. 'बाई'ची दुरुस्ती झालेली होती, म्हणून. त्याच एप्रिलमध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली, मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारस लावायची. तलाठी यादी घेऊन स्वतः घरोघर फिरत होते. आमचं जे काम आठ महिने चाललं ते चुलत्यांच्या एका मयत भावाच्या बाबतीत सव्वा महिन्यात झालं. आनंद झाला म्हणायला हवं. झाला, पण थोडा उशिरानं.

अण्णा गेल्यापासून आमचं रान एक जोडपं बटईनं करतं. निम्मा खर्च आमचा, निम्मं पीक त्यांचं. आई अजून रोज जाते, पण नांगरट, फवारणी, राखण त्यांची. मी हप्त्याचं काम जमवलं ही बातमी गावभर झाली होतीच. एका संध्याकाळी त्या जोडप्यातली बाई आली. हातात कॅरीबॅग, तिच्यात आधार, पासबुक, शिधापत्रिका, मनरेगाचं जॉब कार्ड, सगळं नीट घडी घातलेलं. "दादा, माझंबी करा की."

"सातबारा आहे का?"

"सातबारा कुठला आणू? रान तर तुमचं करतो आम्ही."

मी तिला चहा होईपर्यंत बसवून घेतलं आणि योजनेचे नियम फोनवर पुन्हा एकदा वाचले, जसं काही या वेळी वेगळं निघेल. योजना जमीनधारकाची आहे. करणाऱ्याची नाही. आमच्या साडेतीन एकरांवर या घडीला सगळ्यात जास्त घाम तिचा पडतो, आणि पैसे येतात ते माझ्या आईला. सप्टेंबरच्या पावसात दुधनेला पाणी आलं, खालच्या अंगाचं सोयाबीन दोन दिवस बुडून होतं. तेव्हा नुकसानीची मदतही आली ती खातेदाराच्याच खात्यावर. निम्मी आईनं तिला दिली. ते आईनं केलं, म्हणून झालं. सगळीकडे होतं असं नाही.

एकोणिसावा आणि विसावा हप्ता वेळेवर आले. आईला आता तारखा कळतात, पाऊस कधी पडेल त्याच्यापेक्षा बऱ्या कळतात.

१९ नोव्हेंबर २०२५ ला एकविसावा सुटला, कोईमतूरहून. शेजारणीच्या फोनवर आला. आईच्या आला नाही. मी संकेतस्थळ उघडलं. ज्यांच्या नावावर जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर आली आहे, किंवा एका घरात नवरा-बायको दोघं लाभ घेताना दिसतात, अशी प्रकरणं संशयित म्हणून बाजूला काढली आहेत. प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचा हप्ता थांबवलाय. आई पहिल्या प्रकारात. वारसाचा अपवाद आहे हे खरं, पण तो अपवाद आहे हे कुणीतरी समक्ष येऊन बघायचंय.

कृषी सहायकाचा फोन आला. तोच मुलगा. आता त्यांच्या पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी झालंय. "काही नाही हो, फक्त काकांचा मृत्यूचा दाखला, फेरफार आणि काकूंचं आधार. फॉर्मवर काकूंची सही."

फोन स्पीकरवर होता. आईनं ऐकलं.

"साडेतीन वर्षं होत आली त्यांना जाऊन. परत दाखवायचं?"

"हो."

तिनं उठून कोठीमागची पिशवी काढली. अण्णांच्या दाखल्याची एकच झेरॉक्स उरली होती, घडीवर फाटलेली. मी संध्याकाळी तालुक्याला गेलो आणि या वेळी दहा काढून आणल्या.